सूची म्हणायचं, सुई नाही

माझ्या शुद्धलेखनाकडे कोणी पाहू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही घरची भांडी आटोपून, त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मी अजून अंदाजानेच ठरवते. अक्षरही नीट नाही. आमचे हे म्हणत, तुझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेली. पण हे कोणाला दाखवायचे नाही, म्हणून धीर करून लिहिते आहे.

लिहायचे कारण असे की तुळसकर डॉक्टर गेले तेव्हा लालबागला आमच्या चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. बरेच लोक बोलले. कोणी त्यांना महर्षी म्हणाले, कोणी आधारवड म्हणाले. मग माइकवाल्याने मागे बघून विचारले, "सुमनताई, तुम्ही चार शब्द बोला, तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून बघितलंत." मी हात जोडले आणि मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही. घरी येताना वाटले, हे लोक दुसऱ्याच कोणाबद्दल बोलले. मी महर्षी पाहिलेच नाहीत. मी पाहिले ते गृहस्थ बुटके होते, कानांवर केस होते, पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात नेहमी खडीसाखर असायची आणि स्वतःच्या विनोदाला ते सर्वांच्या आधी हसायचे.

त्यांचे नाव वामन तुळसकर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. परळच्या एका मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. संप झाला, मिलचा भोंगा बंद झाला, तसा दवाखानाही बंद झाला. बाकीचे लोक नाक्यावर उभे राहून उद्या काय होणार ते बोलत होते, तेव्हा हे बायकोच्या पाटल्या गहाण टाकून कलकत्त्याला गेले. तिथे कोणी एक डॉक्टर चिनी सुयांची विद्या शिकवत होते. महिना-दीड महिन्याने परत आले ते एक प्रमाणपत्र, माणसाच्या अंगावर ठिपके काढलेला एक नकाशा आणि सुयांची डबी घेऊन. चाळीच्या तळमजल्यावरची खोली त्यांचीच होती. मधे पडदा लावला, पुढे दवाखाना झाला, मागे संसार राहिला.

आमच्या ह्यांची कंबर धरली होती. ते पहिल्याच आठवड्यात गेले. टोचून घेतले आणि उठताना म्हणाले, "आजवर टोचणारे पुष्कळ भेटले, टोचून पैसे मागणारे तुम्हीच."

डॉक्टर म्हणाले, "पैसे मागतोय कोण? संप मिटल्यावर द्या."

संप काही मिटला नाही, पण कंबर बरी झाली. त्याच दिवशी डॉक्टरांनी ह्यांना विचारले की सुया उकळायला आणि पेशंटचे नंबर लावायला कोणी बाई मिळेल का. अशी मी तिथे लागले. घरात दुसरी मिळकत नव्हती. पेशंटांसमोर ते मला "सिस्टर" म्हणत आणि पेशंट गेले की "बाय." पहिल्यांदा सिस्टर म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिले होते, कोण आली म्हणून. मी त्यांना डॉक्टर म्हणत असे. त्यांना ते फार आवडायचे, आणि माझे त्यात काही जात नव्हते.

त्या काळी सुया एकदा वापरून टाकत नसत. आम्ही त्या प्रेशर कुकरमध्ये वाफवायचो, तीन शिट्ट्या. बाहेर बाकावर बसलेले पेशंट विचारायचे, "सिस्टर, भात झाला की डाळ?" त्या एकाच कुकरवरून डॉक्टरांची आणि वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, रोज वादावादी. डॉक्टर घरात मालवणी बोलत. वहिनी म्हणायच्या, "सकाळी सुयो, दुपारी कुळथाची पिटी. एक दिवस तुमी पिटीत सुई गिळतलात."

"सुई म्हणा नको. सूची."

"गिळल्यार दोनी सारख्योच टोचतत."

हा शब्द म्हणजे त्यांचा प्राण होता. सुई शिंप्याची, सुई मोच्याची, सुई इंजेक्शनची. आपली ती सूची, असे ते प्रत्येक पेशंटला सांगत. संपातून उठलेले कितीतरी जण पुढे त्यांच्याकडे ही विद्या शिकले, ते त्यांना मास्तर म्हणत. गिरणीत मागावर काम केलेले, साच्यावर काम केलेले, गोदीतले, एक-दोन बाया. त्यांना पहिला धडा हाच होता. कोणी चुकून सुई म्हणाले तर चार आणे दंड. दंडाच्या पैशांचा दर शनिवारी चहा व्हायचा, आणि चहा कमी पडला की डॉक्टर स्वतःच मुद्दाम सुई म्हणायचे.

प्रमाणपत्रांची त्यांना विलक्षण हौस. स्वतःची भिंतभर होती आणि इतरांनाही सढळ हाताने देत. मला त्यांनी "सूची-निर्जंतुकीकरण निपुण" असे प्रमाणपत्र दिले. ते वाचताना माझी जीभ दोनदा अडखळली. वहिनींना लग्नाच्या वाढदिवसाला "उत्कृष्ट सहधर्मचारिणी" असे दिले, खाली सही, शिक्का सगळे. वहिनी म्हणाल्या, "शिक्को मारूक इतक्या वरसा लागली?"

मात्र ही विद्या सरकारमान्य नव्हती. बेकायदा म्हणावी तर तसेही कोणी लिहून देत नव्हते. त्यामुळे नावाआधी डॉक्टर लावावे की नाही हा मोठा पेच होता. डॉक्टरांनी त्यावर तोड काढली होती. पाटीवर "वा. र. तुळसकर, सूचीविशारद" एवढेच रंगवलेले. त्याच्या आधी "डॉ." हे अक्षर पत्र्याच्या वेगळ्या तुकड्यावर काढून दोन हुकांना लटकवलेले. पेपरात बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी आली की नाक्यावरचा पानवाला येऊन सांगे, "आज वारा आहे," आणि मी स्टुलावर चढून तो पत्रा काढून आत ठेवायची. वारा पडला की परत लावायची.

एकदा पानवाल्याला उशीर झाला. मी पत्रा काढून पदराखाली घेतला आणि वळते तो तपासणीवाले साहेब दारात. साहेबांनी पाटीकडे पाहिले. दोन रिकामे हुक दिसत होते.

"इथं काहीतरी होतं ना?"

डॉक्टर म्हणाले, "घड्याळ होतं. दुरुस्तीला दिलंय."

"रस्त्याकडे तोंड करून घड्याळ?"

"लोकांची सोय."

साहेब आत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "माझी मान दुखतेय तुळसकर, डोळे नाही. चला, टोचा."

त्यांचीही मान बरी झाली. पुढे दर खेपेला ते दारातूनच विचारायचे, "काय, आलं का घड्याळ?"

आता मंडळाचे सांगते. सुरुवातीला सुया टोचणाऱ्या सगळ्यांचे मिळून एकच मंडळ होते. त्यात गिरगाव-ठाकूरद्वारकडचे पुढारी म्हणजे बर्वे डॉक्टर. ते मूळचे होमिओपॅथीचे. उंच, हळू बोलणारे, वाक्य संपले की चष्मा पुसणारे. लालबाग-परळकडचे पुढारी आमचे डॉक्टर. दोघांचे बरे चालले होते. एका वर्षी मेळावा झाला आणि शेवटी फोटो काढायचा ठरला. पुढे खुर्च्या मांडल्या. मधली खुर्ची कोणाची, हे कोणी बोलले नव्हते, पण डॉक्टर आधी जाऊन मधे बसले, बर्वे त्यांच्या डाव्या बाजूला. बर्व्यांच्या माणसाने शांतपणे डाव्या टोकाला दोन खुर्च्या आणून ठेवल्या. म्हणजे मध्य सरकून बर्व्यांकडे गेला. ते पाहून आमच्यातल्या एकाने उजव्या टोकाला दोन ठेवल्या. मग तिकडून अजून दोन. इकडून अजून दोन. कोणी काही बोलत नव्हते, नुसत्या खुर्च्या येत होत्या. हॉलमधल्या खुर्च्या संपल्यावर आमचा माणूस शेजारच्या लग्नाच्या हॉलमधून घेऊन आला. शेवटी फोटोवाला कंटाळून म्हणाला, "एवढे लोक एका फोटोत मावत नाहीत. दोन काढतो."

फोटो दोन निघाले आणि त्याच महिन्यात मंडळेही दोन झाली. बर्व्यांचे मंडळ, आमचा महासंघ. जे दोन्ही फोटोंत आले नाहीत त्यांनी तिसरे काढले. तिघेही एकमेकांच्या प्रमाणपत्रांना खोटे म्हणायचे. पेशंट हसायचे. एक कोळीण यायची, तिचा एक गुडघा दुखे. ती फीऐवजी कधी सुके बोंबील, कधी सोडे द्यायची. ती म्हणाली, "माझा गुडघा तर एकच हाय रे बाबा, त्याला तीन मंडलं कशाला?"

काही वर्षे अशी गेली. मिलच्या जमिनीवर पत्रे लागले, आमच्या ह्यांना दादरला एका इमारतीत वॉचमनची नोकरी मिळाली. आणि मग एक दिवस बातमी आली की सरकारने समिती नेमली आहे. जे टोचणारे पहिल्यापासून काम करतात त्यांची नोंद होणार, नोंद झालेल्यांना पुढे मान्यता. आमच्या महासंघात आनंदाला पार राहिला नाही. डॉक्टरांनी प्रत्येक सभासदाकडून पाचशे रुपये मान्यता निधी घेतला. चाळीस माणसे होती, बहुतेक गिरणीतून उठलेली, त्यांना पाचशे म्हणजे काय हे मला माहीत आहे. पण उद्या पोलीस दारात आला तर दाखवायला सरकारी कागद असेल, या आशेने सगळ्यांनी दिले. त्या पैशांत दादरला अधिवेशन झाले, जेवण झाले, कागदांवर महासंघाचे नाव सोनेरी छापून आले. पैसे गेले ते असे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मग समितीचे पत्र आले. डॉक्टरांनी ते उभे राहून वाचले. "आपल्या संघटनेच्या सभासदांची सूची पंधरा दिवसांत या कार्यालयास सादर करावी."

मग ते पत्र त्यांनी कपाळाला लावले. म्हणाले, "बाय, बघितलंस? सरकारनं सुई नाही लिहिलं. सूची लिहिलं. आपला शब्द तिथपर्यंत पोचला."

वहिनी आतून म्हणाल्या, "इतक्यो सुयो सरकारक कित्याक होयो?"

"तपासूक. कोणाची गंजलेली आसा, कोणाची वाकडी आसा. पारख केल्याशिवाय मान्यता कशी देतले?"

हे सगळ्यांना पटले. मलाही पटले. खोटे कशाला सांगू, उलट सरकार किती बारकाईने काम करते असेच वाटले. चाळीसही जणांना निरोप गेले. प्रत्येकाने आपापल्या सुया आणून दिल्या. कुकर तीन दिवस उतरला नाही, वहिनींनी शेजारणीच्या चुलीवर भात केला. डॉक्टरांनी काचेच्या नळ्या आणल्या, एकेकाच्या सुया एकेका नळीत, वर बूच, नळीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. मग त्या नळ्या लाल कापड घालून मिठाईच्या मोठ्या खोक्यात ओळीने निजवल्या. शेवटच्या तारखेला चांगला मुहूर्त होता, म्हणून शेवटच्याच तारखेला निघालो. खोका धरायला मी.

कार्यालयातल्या कारकुनांनी खोका पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "कशाला त्रास घेतलात? मुलगा झाला का?"

डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांनी झाकण उचलून हात घातला. एका नळीचे बूच सैल झाले होते.

"आई गं. काय आहे हे?"

"सूची," डॉक्टर म्हणाले.

"कसली सूची?"

"सभासदांची. आपणच मागितलीत."

कारकून अंगठ्याजवळचे बेचके तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग हात खाली घेऊन म्हणाले, "अहो महाराज, सूची म्हणजे यादी. नावांची यादी. लिस्ट."

मी डॉक्टरांकडे पाहिले नाही. पाहवले नाही. मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा. "एक कोरा कागद मिळेल का?"

बाकावर बसून त्यांनी एकेक नळी उचलली आणि तिच्यावरचे नाव कागदावर लिहिले. चाळीसही नावे लिहिली. पण नुसती नावे चालत नव्हती. पत्ता, शिक्षण, प्रमाणपत्राची नक्कल, सगळे जोडायचे होते. इतर दोन मंडळांचे गठ्ठे टेबलावर बांधून तयार होते. कारकून वाईट नव्हते. म्हणाले, "मी घेतला तरी साहेब आत घेणार नाहीत. तारीख आज संपली."

डॉक्टर उठले. जाताना त्यांच्यातल्या वैद्याला काही राहवेना. म्हणाले, "आपल्याला टोचली ती जागा बरी आहे. अंगठा आणि बोट यांच्यामधे. तिथं टोचलं की डोकेदुखी थांबते."

"डोकेदुखी तुम्हीच आणलीत," कारकून म्हणाले, आणि तिथे पहिल्यांदा दोघेही हसले.

बाहेर आल्यावर मात्र ते फुटपाथवर थांबले. म्हणाले, "बाय, चाळीस माणसं माझ्या एका शब्दावर बुडाली."

सभा दादरच्या एका शाळेत झाली. मी दारापाशी उभी होते. सगळ्यात आधी शिवराम घाग उठले. ते साच्यावर होते, संपात त्यांच्या घरातली भांडी विकली गेली होती. म्हणाले, "मास्तर, संपात गेलं तेवढं पुरे नव्हतं काय? पाचशे रुपये मी मेव्हण्याकडून आणले. आता त्याला काय सांगू, सरकारला सुया पाठवल्या म्हणून?"

महासंघाच्या कार्यकारिणीतले काही जण म्हणू लागले की खर्च सभेच्या मंजुरीने झाला आहे, परत देण्याचा प्रश्न नाही. डॉक्टरांनी त्यांना हाताने बसवले. म्हणाले, "सूची म्हणजे सुई, हे तुम्हाला शिकवलं कोणी? मी. चुकलात तर चार आणे दंड घेतला कोणी? मी. तुम्ही शिकलात, त्यात तुमचा काय दोष? पाचशे प्रत्येकाचे मी देईन. सगळे फिटेपर्यंत नावाआधी डॉक्टर लावणार नाही."

मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे जन्मभर नाही." सगळे हसले. घागसुद्धा हसले. डॉक्टर हसले नाहीत. मी त्यांना ओळखत होते, म्हणून मला कळले की हा माणूस खरे बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी मला सभासदांच्या प्रमाणपत्रांच्या नकला धरायला घेऊन ते ठाकूरद्वारला बर्व्यांकडे गेले. खुर्च्यांच्या भांडणापासून दोघे बोलत नव्हते.

"या तुळसकर," बर्वे म्हणाले. "तुमच्या महासंघानं म्हणे समितीला टोचलं."

"टोचलं. रक्तही निघालं."

बर्व्यांनी चष्मा काढला, पुसायला म्हणून, पण त्यांचे खांदे हलत होते. मग दोघेही इतके हसले की आतून बर्वेबाई पाणी घेऊन आल्या. हसून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुरवणी यादी निघणार आहे असं ऐकतो. माझी चाळीस माणसं तुमच्या मंडळात घ्या. ती चांगली टोचतात."

"घेतो. पण आमची फी पाचशे आहे, ती मी कोणाला माफ करत नाही, मान्यता आली की ज्यानं त्यानं भरायची. आणि मूळ मंडळ आमचंच, असं लिहून द्यावं लागेल."

"कागद द्या."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे लिहून दिले. बर्व्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुमचंही नाव घालू ना?"

"नको. माझ्याकडून येणं आहे लोकांचं. ते आधी."

अशी सगळ्यांची नावे बर्व्यांच्या पुरवणी यादीत गेली, फक्त डॉक्टरांचे नाही, आणि माझगावच्या रोझीबाईंचे नाही. रोझीबाई महासंघातल्या एकट्या ख्रिस्ती सभासद, गोदीतल्या कामगारांच्या पाठी बघायच्या. त्या म्हणाल्या, "मी एका टायमाला एकाच मंडळात राहते."

पुढे त्या यादीचे काय झाले ते सांगायलाही हसू येते. समितीतले साहेब बदलले, मग समितीच बदलली आणि यादी कुठल्या कपाटात गेली कोणास ठाऊक. आमचे चाळीस, बर्व्यांचे सगळे आणि ते तिसरे, जिथल्या तिथेच राहिले. घाग येऊन म्हणाले, "मास्तर, यादीच गेली. आता पैसे कसले परत करता?"

डॉक्टर म्हणाले, "यादी सरकारची गेली. पैसे तुमचे होते."

फेडायला त्यांना कितीतरी वर्षे लागली. दहा-दहा रुपयांचे पेशंट, त्यात निम्मे फुकट. कलकत्त्याच्या प्रमाणपत्राची चांदीची चौकट विकली. संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात उभे राहू लागले, पुन्हा बाटल्या आणि पुड्या. "डॉ." चा पत्रा त्यांनी सभेच्या रात्रीच काढून वहिनींकडे दिला होता. महिन्याभराने पाहते तो वहिनींनी तो पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेला. म्हणाल्या, "बसता बरो. मुंग्यो-उंदीर येत नाय." डॉक्टरांना खरेच वाईट वाटेल असे मला वाटले होते. ते म्हणाले, "इतकी वरसा वाऱ्यार हलत होतो, आता खंय तरी बसलो."

पाचशे जमले की रविवारी ते पांढरा कोट घालून निघत, एकेका सभासदाच्या घरी. माणूस देणे फेडायला जातो तसे नव्हे, सत्कार करायला जातो तसे. आधी विचारपूस, मग त्याच्या बायकोची नाडी, पोरांना खडीसाखर, मग खिशातून पाकीट. घागांनी पाकीट घेतले आणि डॉक्टरांना जेवल्याशिवाय सोडले नाही. एका गृहस्थांनी तर त्याच पैशांतून डॉक्टरांना चप्पल घेऊन दिली आणि डॉक्टर त्या चपलेचे पैसे द्यायला पुढच्या रविवारी परत गेले. वहिनी म्हणायच्या, "ह्येंचो हिशेब देवाक पण जमाचो नाय."

त्या वर्षांत ते जरा वाकले, पण कंटाळलेले मी पाहिले नाहीत. सूची हा शब्द त्यांनी सोडला नाही. नवे शिकायला आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "ह्याला सूची म्हणायचं, सुई नाही. आणि सूची म्हणजे यादीसुद्धा, हे विसरायचं नाही. मला विचारा." आणि सर्वांच्या आधी हसत.

शेवटच्या राहिल्या रोझीबाई. त्या घेतच नव्हत्या. दोनदा पाकीट परत पाठवले. मग एका रविवारी डॉक्टर म्हणाले, "बाय, चल. आज देऊनच येऊ." त्यांचे गुडघे आता चांगलेच दुखत होते, म्हणून सोबतीला मी.

माझगावला रोझीबाईंचे घर दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. डॉक्टर प्रत्येक वळणावर थांबून मला काहीतरी दाखवत होते, हा बघ क्रुसाचा कोनाडा, ते बघ मांजर. दम लागल्याचे दाखवायचे नव्हते.

रोझीबाई दारात उभ्या होत्या. "येवढा जिना चढून कशाला आला तुमी? मला बोलवायचा ना."

"बोलावलं तर येत नाही तुम्ही."

"पैशासाठी नाय येत. बसा."

त्यांनी सरबत दिले. डॉक्टरांनी पाकीट टेबलावर ठेवले. रोझीबाईंनी ते बोटाने परत सरकवले.

"मी अधिवेशनात जेवले. श्रीखंड दोन टाइम घेतला. त्याचा काय?"

"श्रीखंड महासंघाचं होतं."

"आणि महासंघाचा पैसा कोणाचा? माझाच ना? तवा मी माझा श्रीखंड खाल्ला. आता तुमी पैसा परत दिला, म्हणजे तो तुमचा श्रीखंड झाला. तुमचा कशाला खाऊ मी?"

डॉक्टरांनी पाकीट पुन्हा पुढे सरकवले.

"पन्नास कापा," रोझीबाई म्हणाल्या.

"एक रुपया कापणार नाही."

"तीस. पुरी पण खाल्ली मी."

"पूर्ण घ्यायचे."

"वीस कापा, नायतर उचला पाकीट."

बाजारात लोक कमी द्यायला भांडतात. इथे दोन म्हातारी माणसे उलटीच भांडत होती, आणि मी हसू दाबायला सरबताचा पेला तोंडाला लावून बसले होते. शेवटी डॉक्टर पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "रोझीबाय, मी मुळातला कंपाउंडर. मिलमधे कोणी अर्धाच डोस घेऊन बाटली परत आणली की मी ती घ्यायचो नाही. अर्ध्या डोसानं दुखणं जात नाही. माझं हे दुखणं आहे. पुरा डोस घ्या."

रोझीबाईंनी पाकिटावर बोट ठेवले.

"हा घेतला की मी मेंबर नाय ना?"

"नाही. आता कोणीच नाही. महासंघ संपला."

"मग तुमी अध्यक्ष कोणाचे?"

"कोणाचाच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी कोटाची वरची गुंडी काढली, घरी आल्यावर काढतात तशी.

रोझीबाईंनी पाकीट उघडले. अंगठा जिभेला लावून एकेक नोट टेबलावर मांडली. एक नोट उजेडात धरली. "ही फाटलेली हाय."

डॉक्टरांनी लगेच खिसा चाचपला, खडीसाखर निघाली, रुमाल निघाला, मग आतल्या खिशातून परतीसाठी ठेवलेली नोट निघाली. ती त्यांनी हाताने सपाट करून दिली आणि फाटकी परत घेतली. रोझीबाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. डॉक्टर त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"हां," रोझीबाई म्हणाल्या. "पुरे झाले."